आधी पुस्तक, मग तळं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हवा: बर्फ. पाणी: गोठलेलं. मासे: शून्य.

लायब्ररीत चाळलेल्या एका पुस्तकात म्हटलंय, मासेमारी शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून रोजनिशी ठेवावी. हवा कशी, पाणी कसं, मासे किती, आणि खाली मनात येईल ते. मी अजून गळाला हातसुद्धा लावलेला नाही. पण नोकरीभर गाड्यांचे ब्रेक तपासले. नोंद नाही तर काम झालंच नाही, असं मानणारा मी माणूस. तेव्हा श्रीगणेशा.

झालं असं, की परवा रविवारी सिया आली. एकटीच. गाडीच्या टपावर दोन माणसांची लांबट बोट बांधून आणली होती, ती आमच्या गॅरेजमध्ये ठेवली. लॅन्सिंगला त्यांच्या स्वतःच्या घराला आमच्यापेक्षा मोठं गॅरेज आहे. विचारलं तर म्हणाली, "जागा नाहीये, बाबा." अक्षतने व्यायामाची यंत्रं आणून ठेवली असणार. जावईबापूंना शरीर कमावायचा नाद आहे.

गेल्या ऑक्टोबरपासून सियाला ट्राउट पकडण्याचं वेड लागलंय. नदीवर नाही, तळ्यावर. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावायची, लांब दोरीने पाण्यात फेकायची. मासा लागला की हातात घ्यायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. माझ्या बायकोला, पद्मिनीला, हे अजिबात पटत नाही. "खायचा नाही, तर त्या मुक्या जीवाच्या तोंडात आकडा कशाला?" म्हणते.

जाताना सिया म्हणाली, "बाबा, एप्रिलच्या लास्ट सॅटरडेला सीझन ओपन होतो. तू येशील? जस्ट यू अँड मी. आई नको, ती बोअर होईल. तू पुढे बसायचं, मी मागे."

शाळेत जीवशास्त्र शिकवणारी, लग्न झालेली मुलगी बापाला आपणहून बोलावते, आणखी काय पाहिजे? मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पण मुलीसमोर अडाण्यासारखं बोटीत बसायचं हे काही बरं नव्हे. तिच्या एकेका परीक्षेचं पुस्तक मी निवडलेलं आहे. गणिताचं कुठलं, शब्दांचं कुठलं, सगळं. एकदाही चुकीचं पुस्तक तिच्या हातात पडू दिलं नाही. आता स्वतःसाठी निवडायचं आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हवा: ढगाळ. मासे: शून्य.

लायब्ररीतली मासेमारीची सगळी पुस्तकं घरी आणून चाळली. जवळजवळ सगळी नदीची निघाली. नदीची विद्या तळ्यावर चालत नाही, हे मला आज कळलं. नदीत पाणी वाहतं. मासा एका जागी तोंड वासून उभा, खाणं आपोआप त्याच्यापर्यंत येतं. तळ्यात पाणी थांबलेलं, मासाच हिंडतो. तो किती खोलीवर आहे ते शोधावं लागतं. दोरी टाकायची आणि ती बुडेपर्यंत गप्प बसायचं. नवशिक्याची मोठी चूक म्हणजे घाई, असं सगळेच लिहितात.

तळ्यावरची तीन पुस्तकं विकत मागवली. एक जाड निळं, त्यात आकृत्या उत्तम. दुसरं एका इंग्रज आजोबांचं. भाषा गोड, पण अर्धं पुस्तक त्यांच्या कुत्र्यावर. तिसरं तारेच्या बाइंडिंगचं, बोटीत उघडं ठेवता येईल असं. तिन्हींत निळं सरस वाटतं, पण लेखक डोंगराळ भागातला. त्याचे किडे मिशिगनमध्ये असतील का, ही शंका आहे.

पद्मिनी म्हणाली, "अहो, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही."

मी म्हटलं, "त्या पाण्यात पडलो तर पोहणं येवो न येवो, न्यूमोनिया नक्की येईल."

शनिवार, १ मार्च

हवा: ऊन, पण थंडी कायम. मासे: शून्य.

सकाळी सियाचा फोन. "बाबा, आज ये ना. आमच्या स्कूलचं ग्राउंड एम्प्टी आहे. ग्रासवर कास्टिंगची प्रॅक्टिस करू. मग कॉफी घेऊ."

दोरी फेकण्याच्या बाबतीत निळं आणि इंग्रज आजोबा यांच्यात मतभेद आहेत. मनगट किती वळवायचं यावरच एकमत नाही. आधीच हाताला चुकीचं वळण लागलं तर ते सुटता सुटत नाही, हे टेबल टेनिसमध्ये मी भोगलंय. म्हटलं, "आधी जरा वाचून होऊ दे, मग पक्का."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग "ओके, बाबा." लॅन्सिंगला नेटवर्क बेकार आहे. अक्षतला सांगून फोन कंपनी बदल, असं तिला सुचवलं.

रविवार, ३० मार्च

पाडवा. हवा: पाऊस. तळ्यांवरचा बर्फ गेला, असं सिया सांगते.

सिया एकटी आली. अक्षत कामासाठी डॅलसला गेलाय. सणासुदीला कसली मीटिंग ठेवतात हे लोक! आयसेलिनला त्याच्या आईवडिलांना शुभेच्छांचा फोन केला, तर तो वाजून वाजून बंद पडला.

मायलेकी स्वयंपाकघरात दार लोटून, पंखा चालू ठेवून केवढा तरी वेळ बसल्या होत्या. श्रीखंड तर कालच तयार होतं. मी इकडे निळ्या पुस्तकात रंगीत चिकटपट्ट्या लावत होतो: खोलीसाठी पिवळी, वाऱ्यासाठी हिरवी. जेवायला बसलो तेव्हा पद्मिनीचे डोळे लाल. फोडणीत मिरची जास्त झाली म्हणाली. आमटी तर अगदी अळणी होती.

जेवणानंतर सिया माझ्या टेबलाशी येऊन बसली. मी तिन्ही पुस्तकांचे गुणदोष समजावून दिले. शहाण्यासारखं ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? दिवसभर काहीच लागलं नाही, तर काय करायचं असं लिहिलंय त्यात?"

मी म्हटलं, "लिहिलंय की. खोली बदलायची. तरी नाही लागलं तर जागा बदलायची."

"किती वेळ ट्राय करायचं, त्याच जागी?"

"त्यावर एकमत नाही. निळा म्हणतो, लवकर हलावं. आजोबा म्हणतात, धीर धरावा."

"आणि तू काय म्हणतोस?"

मी म्हटलं, मला आधी सगळं वाचून होऊ दे. ती हसली. तिने निळं पुस्तक उगीच उघडलं, मिटलं आणि टेबलावर हात ठेवून बसून राहिली. तेवढ्यात मला आठवलं की कॅनडातल्या एका दुकानात चौथं एक पुस्तक आहे, खास आपल्यासारख्या थंड प्रदेशातल्या तळ्यांवरचं. ते बघायला मी उठलो. परत आलो तेव्हा ती बूट घालत होती.

शनिवार, १२ एप्रिल

मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. श्रीरंग भेटला. शेजारच्या गल्लीत राहतो, घरांची दलाली करतो आणि गावभरच्या बातम्या ठेवतो. माझ्या मासेमारीवर यथेच्छ हसला. "यार विनय, चार पुस्तकं वाचून मासा काय तुला नमस्कार करायला वर येणार?" मग हळूच म्हणाला, "तुझ्या जावयाने लॅन्सिंगचं घर विकायला काढलंय ना? लिस्टिंग बघितलं मी."

मला माहीत नव्हतं, पण आनंद झाला. मोठं घर घेत असणार. म्हणजे कदाचित आजीआजोबा व्हायची वेळ आलीय! गाडीत पद्मिनीला हे सांगितलं तर ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही सियाबरोबर त्या तळ्यावर जा बघू. पुस्तकं राहू देत."

मी म्हटलं, जाणारच आहे की. सव्वीस तारीख काय पळून जाते?

बुधवार, २३ एप्रिल

कॅनडातलं पुस्तक कस्टम्समध्ये अडकलंय. पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात. शिवाय निळ्यात स्पष्ट लिहिलंय की पहिल्या दिवशी तळ्यावर जत्रा असते. नवशिक्याने तो दिवस टाळावा. सगळ्या बाजूंनी विचार करून सियाला फोन केला, की एक आठवडा पुढे ढकलू.

"बाबा, बुक नसलं तरी चालेल. मी आहे ना."

"अगं, तू आहेस म्हणूनच. तुला माझ्यामुळे त्रास नको."

"मला त्रास नाहीये होत. आय जस्ट वॉन्ट यू इन द बोट."

"पुढच्या शनिवारी पक्का," म्हटलं. "अर्धवट तयारीने जाण्यात मजा नाही."

ती म्हणाली, "ओके. मी तरी जाते. मला जायचंय."

शनिवार, २६ एप्रिल

हवा: लख्ख ऊन, वारा नाही, अंगावर एक स्वेटर पुरे. मासे: माझे शून्य.

सकाळी सिया बोट न्यायला आली. बोटीत पद्मिनीने तांदळाच्या गोण्या ठेवल्या होत्या, त्या मी काढून दिल्या. बोट टपावर चढवायला हात लावला. सियाकडे दोन लाइफ जॅकेटं होती. एक तिने गाडीत टाकलं, दुसरं जरा वेळ हातात धरलं आणि आमच्या गॅरेजच्या खुंटीला अडकवून ठेवलं. जास्तीचं असेल. निळ्यातल्या महत्त्वाच्या पानांच्या झेरॉक्स मी तिला दिल्या. तिने त्या नीट घडी करून खिशात ठेवल्या.

गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होतो. पद्मिनी दारात आली नाही. संध्याकाळी सियाचा मेसेज आला: एक मासा, सोडून दिला.

सोमवार, ५ मे

कॅनडातलं पुस्तक आलं! काय पुस्तक आहे! महिनावार पाणी, महिनावार किडे, दोरी बुडताना मनात आकडे कसे म्हणायचे, सगळं. असं पुस्तक आधी मिळालं असतं तर बाकीची घेतलीच नसती. परवा शनिवारी सियाला शाळेचं काम होतं, म्हणून जाणं राहिलं. मला तर ते पथ्यावरच पडलं.

शुक्रवार, ९ मे

पोर्शन पूर्ण. दुपारी सियाची शाळा सुटायच्या वेळेला फोन केला. म्हटलं, "बाई, तुझा विद्यार्थी तयार आहे. उद्या जाऊ."

ती म्हणाली, "बाबा, उद्या मूव्हर्स येतायत."

मला वाटलं नव्या घरासाठी. अभिनंदनच करत होतो. तिने मला बोलू दिलं, अडवलं नाही. मग म्हणाली, "बाबा, मला ऑरेगनला जॉब मिळालाय. शाळा संपली की जातेय. एकटी. बाकीचं आईला माहितीये. आय कान्ट डू इट ओव्हर द फोन. सॉरी."

माझ्या मुलीने मला सॉरी म्हटलं.

पद्मिनी पोळ्या करत होती. गॅस बंद करून बसली आणि तिने सांगितलं. सिया आणि अक्षत ऑक्टोबरपासून वेगळे राहतात. मारझोड नाही, दुसरं कुणी नाही. दोघांचं जमत नव्हतं, एवढंच. सिया तेव्हापासून एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये आहे. बोट ठेवायला खरंच जागा नव्हती. पद्मिनीला पाडव्याला कळलं.

"आणि मला का नाही सांगितलं?" मी ओरडलोच.

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबाला मीच सांगणार, तळ्यावर. तुम्ही पुढे बसणार, ती मागे. तुमचा चेहरा बघायला लागला नसता तिला. लग्नात केवढे नाचला होता तुम्ही. आणि म्हणाली, बोटीतून बाबाला उठून पुस्तक आणायला जाता येणार नाही, ऐकावंच लागेल."

पोळ्या तशाच राहिल्या.

रविवार, ११ मे

मागची पानं वाचली. वाचायला नको होती.

एकेक ओळ समोर आहे. जागा नाहीये बाबा. ग्राउंड एम्प्टी आहे. किती वेळ ट्राय करायचं, त्याच जागी. ती विचारत होती आणि मी तिला निळा काय म्हणतो, आजोबा काय म्हणतात ते सांगत होतो. मुलगी ताकाला येऊन भांडं लपवत होती, आणि मी त्या वेळी कॅनडातलं दुकान शोधायला उठलो. दोरी बुडेपर्यंत गप्प बसावं, हे मी पिवळ्या पट्टीने खूण करून ठेवलंय.

मला तिचा राग नाही. अक्षतचाही येत नाही, आणायचा प्रयत्न केला. माझं चुकलं. फार चुकलं. एवढं साधं होतं, नुसतं जाऊन बसायचं होतं.

शनिवार, १४ जून

सिया गेली. सामान आधीच पुढे गेलं होतं. गाडीत कपडे, गळाच्या काठ्या आणि पद्मिनीने दिलेला लाडवांचा डबा. बोट एवढ्या लांब नेता येत नाही, ती आमच्याकडे.

मी कॅनडातलं पुस्तक तिला देऊ केलं. म्हणाली, "तू ठेव, बाबा. यू विल नीड इट."

मी म्हटलं, "सिया, मी सव्वीस तारखेला यायला पाहिजे होतं."

तिने मला मिठी मारली. "इट्स ओके, बाबा." ओके नाही ते. मला कळतं. तिच्या ओकेचे प्रकार आता मला कळतात. बर्फ पडत होता तेव्हा कळले असते तर उपयोग होता.

निघताना सीट बेल्ट लावून ती थोडी थांबली. मला वाटलं काही बोलेल. मीही गप्प राहिलो, या वेळी मुद्दाम. पण आता तिच्याकडे सांगायचं काही उरलं नव्हतं. आरसा नीट करून ती निघाली.

मंगळवार, १७ जून

बैल गेला आणि झोपा केला. गॅरेज आवरायला घेतलं.

खुंटीवरचं लाइफ जॅकेट तिला पाठवून द्यावं म्हणून काढलं. आत दोन सिया मावतील एवढं मोठं. दुकानाचं लेबल अजून तसंच. आत गळ्यापाशी काळ्या मार्करने लिहिलंय: बाबा. रविवारच्या मराठी शाळेत मी तिला ओढून न्यायचो, तिथे गिरवलेली अक्षरं. दुसऱ्या बाचा काना अजूनही तिरका मारते.

घालून बघितलं. पट्टे माझ्या पोटाच्या मापाने आधीच ओढून ठेवलेले आहेत. बसलं बरोबर. मग काढवेना. पद्मिनी चहाला हाक मारायला आली, तिने बघितलं आणि चहा तिथेच घेऊन आली. आम्ही दोघं बोटीच्या कडेला टेकून चहा प्यायलो.

रविवार, २२ जून

सियाच्या तळ्यावर गेलो. पद्मिनी बरोबर आली. श्रीरंगने बोट चढवायला मदत केली आणि चक्क हसला नाही. नवी काठी, चार पुस्तकांचं ज्ञान. पहिल्याच फेकीत दोरी माझ्या मानेभोवती, आकडा टोपीत. दुसऱ्या फेकीत आकडा पद्मिनीच्या ओढणीत. मनगट किती वळवायचं याला काही अर्थच नाही, हात आपलं तो वळवतो. पुस्तकाप्रमाणे उन्हाळ्यात ट्राउट खोल जातात, तिथपर्यंत माझी दोरी पोचतच नाही. सगळं माहीत होतं, काही येत नव्हतं.

मग काठी खाली ठेवली. मी पुढे बसलो होतो, पद्मिनी मागे. ती बोलायला लागली. सिया लहान असतानाचं, तिच्या स्वतःच्या आईचं, इथे आल्यावर पहिल्या वर्षी ती रोज रडायची त्याचं. हे मला ठाऊक नव्हतं. मी मागे वळलो नाही. पाठीला ऐकू येतं, चांगलं ऐकू येतं. असंच ऐकायला मला एप्रिलमध्ये बोलावलं होतं.

किनाऱ्याला लागल्यावर सियाला फोन केला. म्हटलं, "तळ्यावरून बोलतोय. तुझ्या. जॅकेट घालून."

"रिअली?" तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "काही लागलं?"

"टोपी लागली."

ती हसली. खूप दिवसांनी. मला धीर आला. म्हटलं, "सिया, मी येऊ का तिकडे? पुढच्या महिन्यात? पुस्तक आणणार नाही. नुसता पुढे बसेन."

पलीकडे आवाज नाही. या वेळी नेटवर्कला दोष दिला नाही, थांबलो. पाण्यात दोरी सोडल्यासारखा, मनात आकडे म्हणत.

"ये ना, बाबा. नक्की ये," ती म्हणाली. "फक्त आधी जरा सेट होऊ दे. मग पक्का."

मी म्हटलं, "चालेल, बेटा. घाई नाही."

मासे: शून्य. हवा चांगली होती. सव्वीस एप्रिललाही चांगली होती.